झरीना आज कुठं आहे

छगन पाटलांचा मुलगा भाग्येश ज्या जहाजावर कामाला होता, त्याचं नाव ‘सी झरीना’. तेल वाहून नेणारं टँकर जहाज. पाटलांच्या गावात, कळसाडीत मात्र नावातला पहिला शब्द कुणी उच्चारत नसे. नुसतं झरीना. त्यामुळे बाहेरगावच्या माणसाला वाटे, पाटलांच्या पोरानं झरीना नावाची कुणी बाई केली आहे. गावातल्या बायकांना हे ठाऊक होतं. नळावर पाहुणी बाई उभी असली की त्या भाग्येशच्या आईला, प्रमिलाबाईंना मुद्दाम विचारत, “काय वं, तुन्ही झरीना कोठे शे आज?” प्रमिलाबाई हसून म्हणत, “माले काय माहीत, मन्ही पोरले इचार.”

पोर म्हणजे काजल, भाग्येशची धाकटी बहीण. शहाद्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. जहाज मोबाईलवर दिसतं, हे घरात तिनंच शोधून काढलं होतं.

त्यात जादू काही नाही. समुद्रावरच्या प्रत्येक मोठ्या जहाजाला एक यंत्र बसवलेलं असतं. ते सतत सांगत राहतं: माझं नाव हे, मी इथं आहे, माझा वेग इतका, माझं तोंड या दिशेला. किनाऱ्यावरचे मनोरे ते ऐकतात आणि जगाच्या नकाशावर त्या जागी एक खूण उमटते. जहाज चालत असेल तर बाण, उभं असेल तर ठिपका. टँकरची खूण लाल. खुणेवर बोट ठेवलं की जहाजाची सगळी माहिती उघडते. कधी बांधलं, लांबी किती, रुंदी किती, पोटात माल किती मावतो, आधी कुठं होतं, आता कुठं निघालं आहे. हे सगळ्यांना दिसतं. नंदुरबारला बसलेल्याला दिसतं आणि नॉर्वेत बसलेल्यालाही.

छगन पाटलांना शेवटची गोष्ट कधी नीट लक्षात आली नाही. त्यांना वाटे, झरीना त्यांच्याच मोबाईलमध्ये आहे.

तिची लांबी एकशे त्र्याऐंशी मीटर आहे हे कळल्यावर त्यांनी शेत मोजायची टेप काढली आणि दोन पोरांना हाताशी धरून गावातला रस्ता मोजला. झरीनाचं तोंड मारुतीच्या देवळाशी ठेवलं, तर शेपूट दूध डेअरीच्याही पलीकडे जात होतं. त्यानंतर कितीतरी दिवस लोक एकमेकांना पत्ता सांगताना ‘झरीनाच्या पोटाजवळ, पिठाच्या गिरणीसमोर’ असं म्हणत. पोटात पंचेचाळीस हजार टन तेल मावतं, याचा उसाच्या ट्रॉल्यांमध्ये हिशेब करायला छगन बसले आणि अर्ध्यात सोडून म्हणाले, आपल्या पूर्ण तालुक्याचा ऊस एका खेपेत जाईल. बैलाचे दात सांगावेत तशी ते ही माहिती पाहुण्यांना सांगत.

काजलला मात्र एक गोष्ट खटकली होती. जहाज जुनं होतं आणि त्याचं नाव आजवर तीनदा बदललेलं होतं. जहाजाचं नाव बदलता येतं, मालक बदलता येतो, झेंडाही बदलता येतो. बांधताना मिळालेला नंबर तेवढा कायम राहतो. त्या नंबरावरून जुनी नावं दिसत होती. तिनं भाग्येशला फोनवर विचारलं तर तो हसला. म्हातारीला नवं नाव ठेवलं की पुन्हा गिऱ्हाईक येतं, म्हणाला.

काजलचं लग्न ठरलं ते प्रकाशा गावच्या चुनीलाल पाटलांच्या घरी. मुलगा भरत, पाटबंधारे खात्यात कारकून. साखरपुड्याला मुलीकडची माहिती सांगताना छगन यांनी शेतीवर दोन वाक्यं खर्च केली आणि उरलेला वेळ झरीनावर. मोबाईल ताटासारखा सगळ्यांपुढून फिरवला. लाल बाण त्या दिवशी आफ्रिकेच्या बाजूनं वर सरकत होता. चुनीलाल पाटलांनी चष्मा लावून पाहिलं, जहाजाचा नंबर विचारून घेतला आणि भरतकडून आपल्याही मोबाईलवर ते लावून घेतलं. छगन यांना फार बरं वाटलं. व्याही आपल्या घराला इतका जीव लावतो, असं ते घरी येऊन म्हणाले.

त्या दिवसापासून संध्याकाळी चुनीलाल पाटलांचा फोन ठरलेला. “काय व्याही, आज कोठे शे आपली गाडी?” छगन ओट्यावर बसून मोठ्या आवाजात सांगत. दोन-चार माणसं ऐकायला असत. कधी समुद्राचं नाव चुकलं तर आतून काजल दुरुस्त करी.

मग झरीना थांबली.

आखातात एका बंदराच्या बाहेर ती नांगर टाकून उभी राहिली. बाणाचा ठिपका झाला. वेग शून्य. पहिल्या आठवड्यात कुणाला काही वाटलं नाही. पंधरवडा गेला, महिना गेला. दिवाळी आली. ठिपका तिथंच. भाग्येशचा फोन येई तेव्हा तो हळू आवाजात बोले. मालक फोन उचलत नाही, पगारही थांबला. तेल भरायचं ठरलं होतं ते रद्द झालं. किनाऱ्यावरून सामान येणं बंद झालं. डेकवरून गळ टाकून मासे धरतात आणि भातासोबत खातात. पिण्याचं पाणी माणशी एक बाटली. इंजिनाचं डिझेल संपत आलं, म्हणून लहान जनरेटर दिवसातून थोडा वेळ चालवतात. तेवढ्या वेळातच मोबाईल चार्ज होतो आणि तेवढ्या वेळातच नकाशावर झरीना दिसते. एरवी तिथं लिहून येई: शेवटची खबर इतक्या तासांपूर्वीची.

हे ऐकून घाबरायला हवं होतं. छगन घाबरले नाहीत, कारण त्यांना ते कळलं अशी त्यांची खात्री होती. असं उभं राहणं त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्या अशाच उभ्या राहतात. पुढं गाड्या, मागं गाड्या. कधी गाळप बंद पडतं, कधी दोन दिवस चाक हलत नाही. ट्रॅक्टरवाला ट्रॉलीखाली झोपतो, भाकरी संपली तर ऊस चावतो, पण गाडी सोडून जात नाही. गाडी सोडली की नंबर गेला, मागचा पुढं घुसला. छगन एका हंगामात टायफॉईडच्या तापात यार्डात पडून राहिले होते. भाऊ घ्यायला आला तर त्याला शिव्या देऊन परत पाठवलं होतं. गाडी रिकामी करूनच घरी आले आणि मग महिनाभर अंथरुणाला खिळले. ही गोष्ट ते मुलांना पुन्हा पुन्हा सांगत. घरात तिचा मान मोठा होता.

म्हणून त्यांनी भाग्येशला समजावलं. घाबरू नको, नंबर लागेल. मोठ्या बंदरात मोठी रांग असते. चुनीलाल पाटलांनाही त्यांनी तेच सांगितलं. पण रोज तेच कसं सांगणार? एक दिवस म्हणाले, कस्टमची तपासणी चालू आहे. एक दिवस म्हणाले, पुढच्या जहाजाचा पंखा बिघडला. एकदा तर म्हणाले, झरीनाचं ऑईल बदलत आहेत. चुनीलाल पाटील “हो का, हो का” करत शेवटपर्यंत ऐकत आणि उद्या परत विचारत.

डिसेंबरात भाग्येशचा हात कापला. नांगराची साखळी तपासताना तारेचा दोर निसटला आणि उजव्या तळव्यात शिरला. जहाजावर टाके घालायला कुणी नव्हतं. रत्नागिरीकडचे एक वयस्कर खलाशी होते, त्यांनी मिठाच्या पाण्यानं धुऊन फडकं बांधलं. जखम चिघळली. मनगटापर्यंत सूज आली.

त्याच सुमाराला जहाजावरच्या लोकांसाठी कुणीतरी धडपड केली आणि बंदराच्या अधिकाऱ्यांनी एक तोड काढली. जहाज पूर्ण रिकामं करता येत नाही, कारण वारा सुटला तर ते कुणावर तरी जाऊन आदळेल. राखणीला चार माणसं तरी लागतात. तेव्हा चौघांनी जहाजाचा लिलाव होईपर्यंत राहावं, बाकीच्यांनी घरी जावं. घरी जाणाऱ्यांच्या यादीत कप्तानानं पहिलं नाव भाग्येशचं लिहिलं होतं, हातामुळे.

त्याचा फोन आला तेव्हा छगन ओट्यावर लग्नाच्या मंडपवाल्याशी बोलत होते. लग्न महिन्यावर आलं होतं. मंडपवाला जाईपर्यंत त्यांनी भाग्येशला थांबवून ठेवलं. मग आत येऊन फोन कानाला लावला. काजल आणि प्रमिलाबाई तिथंच गहू निवडत होत्या. फोनचा आवाज मोठा असे, दोघींना सगळं ऐकू येत होतं.

“आबा, मन्हं नाव लागनं. पुढला आठवडामा घर येस मी.”

“आनि गाडी?”

“गाडी तठेच ऱ्हाई.”

“मंग तुन्हा नंबर?”

“कसाना नंबर, आबा? हाऊ कारखाना नही शे. मालक पळी गया.”

“मालक गया, गाडी ते शे ना? जो गाडीवर ऱ्हास त्यालेच पगार भेटस. तू उतरना की तुन्हं काहीच नही.” छगन आवाज उतरवून बोलले. “तुन्ही बहीणनं लगन शे. चुनीलालना घर रोज नकाशा दखतस. तू खाली हात उना ते मी त्यास्ले काय दखाडू? पट्टी?”

“आबा, हात सुजना शे. बोटं हालत नहीत.”

“हळद लाव.”

मग भाग्येशनं आईला फोन द्यायला सांगितलं. प्रमिलाबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. नवऱ्याकडे पाहिलं. “तुन्हा बाप सांगस तसं कर, बेटा,” त्या म्हणाल्या. “लगन व्हवा दे. थोडा दिवस ते शेत.”

शेवटी त्यानं काजलला विचारलं. “तुले काय वाटस?”

काजलला भरत आवडला होता. रोज दुपारी ती त्याच्याशी बोले. दोघं एकमेकांशी शाळेतल्या मराठीत बोलत आणि मधेच अहिराणी निसटली की हसत. हळदीची साडी कपाटात होती. नकाशा तिला बापापेक्षा चांगला कळत होता. मालकानं टाकून दिलेलं जहाज कुठल्याच रांगेत नसतं, हेही तिला कळत होतं. ये, असं तिनं म्हटलं असतं तर तो आला असता. ती म्हणाली, “तूच सांग ना, दादा. तुले जमी का थोडा दिवस?”

तो म्हणाला, “जमी.”

त्याच्या जागी बिहारचा एक जण घरी गेला. त्याला लहान मुलगी होती. जाताना त्यानं आपली चटई आणि साबण भाग्येशला दिला, असं भाग्येशनं पुढच्या फोनवर सांगितलं. त्या फोनमध्ये त्यानं हाताबद्दल काही सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी घरभर माणसं होती. मंडपात डीजे लागला होता. काजलला पाटावर बसवून बायका हळद लावत होत्या. छगन यांनी सवयीनं मोबाईल उघडला आणि जागेवरून उठले. ठिपका नव्हता. त्या जागी लाल बाण होता. झरीना चालत होती.

“नंबर लागना,” ते म्हणाले. पुन्हा म्हणाले. मग मंडपात जाऊन त्यांनी डीजे थांबवायला लावला आणि सगळ्यांना सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी पेढ्यांचा खोका फोडला. प्रमिलाबाई देवाजवळ साखर ठेवून आल्या. डीजे पुन्हा सुरू झाला आणि छगन, जे कधी नाचत नसत, ते भावकीतल्या माणसांबरोबर हात वर करून नाचले.

काजलनं हळदीच्या हातानं मोबाईल मागून घेतला. तिनं वेग पाहिला. माणूस चालतो त्याच्याहून कमी. मग तिनं दिशा पाहिल्या. नकाशावर दोन दिशा लिहिलेल्या असतात. एक जहाजाच्या तोंडाची, दुसरी ते प्रत्यक्षात सरकतं त्या बाजूची. जहाज आपल्या इंजिनानं चालत असेल तर दोन्ही साधारण एकच येतात. झरीनाचं तोंड पश्चिमेला होतं आणि ती दक्षिणेला सरकत होती. म्हणजे ती आडवी चालली होती. तापीच्या पुरात वाहून जाणारी म्हैस अशी जाते. तोंड काठाकडे, पाय मारते आहे असं वाटतं, आणि पाणी तिला आडवी नेत असतं. दक्षिणेला किनारा होता.

ती उठली. बायका ओरडत असताना हळदीच्या ओल्या साडीनं ती बापाला गाठायला मागच्या गोठ्याकडे गेली. छगन तिथं टॉवेलनं घाम पुसत होते. तिनं त्यांना दोन्ही दिशा दाखवल्या. नांगर तुटला आहे, इंजिन बंद आहे, वारा तिला किनाऱ्याकडे ढकलतो आहे, असं सरळ सांगितलं. छगन यांनी मोबाईल हातात घेतला. तिचं म्हणणं त्यांना कळलं. पूर त्यांनीही पाहिला होता.

तेवढ्यात त्यांच्या हातात फोन वाजला. परदेशातला अनोळखी नंबर होता.

फोन वाजत होता आणि छगन विचार करत होते, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. घरात कुणी गेल्याची खबर कानावर आली की सुतक लागतं. सुतकात लग्न होत नाही. मांडव उतरवावा लागतो, पाहुण्यांना परत पाठवावं लागतं, पुढची तारीख घ्यावी लागते, आणि अशा मोडलेल्या मांडवातली मुलगी लोकांच्या तोंडी लागते. पण सुतक ऐकल्यापासून धरतात. लांबच्या गावची खबर उशिरा आली तर उशिरापासून. हा नियम सगळ्यांना माहीत होता. ऐकलं नाही, तर अजून काही झालेलं नसतं.

“उचला, आबा,” काजल म्हणाली.

त्यांनी बटण दाबून मोबाईल बंद केला आणि बंडीच्या आतल्या खिशात घातला.

“काय व्हयनं आम्ले माहीत नही,” ते म्हणाले. “तुले बी माहीत नही. उद्या तुले लावी दिसू, मंग ऐकसू.”

काजलचा स्वतःचा मोबाईल त्यांनी मागून घेतला. तोही बंद करून त्याच खिशात ठेवला. ती परत जाऊन पाटावर बसली. राहिलेली हळद लावून झाली.

दुसऱ्या दिवशी प्रकाशाहून वऱ्हाड आलं. वऱ्हाडात चुनीलाल पाटील फेटा बांधून पुढं होते. व्याह्यांची गळाभेट झाली तेव्हा त्यांनी झरीना निघाली म्हणून छगन यांचं अभिनंदन केलं. आवाज गोड होता. छगन हात जोडून हसले.

अक्षता पडल्या. मग फोटोसाठी नवरा-नवरीला खुर्च्यांवर बसवलं. बोलायला मिळालेला हा पहिलाच निवांत वेळ होता. काजलनं भरतला सगळं सांगितलं. नांगर, दोन दिशा, बंद केलेला फोन. ती म्हणाली, तुमचा मोबाईल द्या, मला आत्ता बघायचं आहे. भरतनं फोटोग्राफरकडे बघून मान सरळ ठेवली आणि ओठ फार न हलवता बोलला.

“आता बघून काय करणार? जहाज टाकून दिलेलं आहे, हे आम्हाला दिवाळीपासून माहीत आहे.”

“कसं?”

“मालकाचं नाव त्यातच असतं. ते शोधलं की बातम्या येतात. मीच अण्णांना वाचून दाखवल्या.”

“मग अण्णा रोज फोन करून विचारायचे ते?”

भरतला हसू आलं. त्यात वाईट काही नव्हतं. घरातली एखादी जुनी गंमत सांगावी तसं तो सांगू लागला. “अण्णा फोन स्पीकरवर ठेवायचे. जेवायच्या आधी आम्ही सगळे बसायचो. आबा रोज नवीन काहीतरी काढायचे. ऑईल बदलतात म्हणाले त्या दिवशी आईला ठसका लागला. आता तूही आमच्यातली झालीस, म्हणून सांगतो.”

“दादा घरी आला असता, तर तुम्ही लग्न मोडलं असतं ना?”

“कशासाठी?” त्याला खरंच आश्चर्य वाटलं. “नोकरी मला आहे. तुझा भाऊ जहाजावर असला काय आणि घरी असला काय, आम्हाला काय करायचं आहे?”

फोटोग्राफर म्हणाला, वहिनी, जरा हसा.

मंडपाच्या दुसऱ्या टोकाला चुनीलाल पाटलांची पंगत बसली होती. छगन स्वतः तुपाचं भांडं घेऊन वाढत होते. व्याह्याच्या पानाशी ते वाकले, नको नको म्हणत असताना आणखी धार धरली, आणि काहीतरी सांगितलं. पंगत हसली. छगनही हसले.

काजलनं ही गोष्ट बापाला निरोपाच्या वेळी सांगितली. गाडी सजवून उभी होती, बायका रडत होत्या, त्यामुळे तिचं रडणं कुणाला वेगळं वाटलं नाही. छगन यांनी तिला जवळ घेतलं तेव्हा ती त्यांच्या कानाशी म्हणाली, “त्यास्ले ठाऊक व्हतं, आबा. दिवाळीपाईन. तुम्हनावर हसेत त्या.” तिच्या पाठीवरून फिरणारा हात थांबला. मग त्यांनी तिचा मोबाईल काढून तिच्या हातात दिला आणि गाडीचं दार लावून घेतलं.

गाडी दिसेनाशी झाल्यावर छगन गोठ्यात गेले आणि त्यांनी स्वतःचा मोबाईल चालू केला. थोड्याच वेळात तो वाजला. रत्नागिरीचे ते खलाशी बोलत होते. ते दवाखान्यात होते आणि मराठीत बोलत होते, त्यामुळे समजलं नाही असं म्हणायला जागा नव्हती.

वादळात नांगराची साखळी तुटली. मदत मागायला त्यांनी उरलंसुरलं डिझेल घालून जनरेटर लावला. भाग्येशनं तेव्हाच त्यांच्या मोबाईलवरून घरी फोन लावला होता. नंतर पुन्हा लावला, तर बंद आला. दुपारनंतर बंदराची बोट आली. जहाजाच्या अंगाला दोराची शिडी सोडली. लाटांमुळे बोट वरखाली होत होती. दोन्ही हातांनी दोर घट्ट धरून उतरायचं आणि बोट वर आली की उडी टाकायची, एवढंच होतं. बाकीचे तिघं उतरले. भाग्येशचा उजवा हात दोराभोवती मिटत नव्हता. तो डाव्या हातानं आणि कोपरानं निम्मा उतरला. जहाज कललं, शिडी बाहेर फेकली गेली आणि तो बोट आणि जहाज यांच्या मधे पडला. झरीना नंतर खडकाला लागून थांबली. शरीर सकाळी मिळालं.

वयस्कर माणूस थकलेल्या आवाजात एवढंच आणखी म्हणाला, त्याला आधी का नाही बोलावलंत हो, नाव लागलं होतं पोराचं.

छगन यांनी घरात जाऊन प्रमिलाबाईंना सांगितलं. त्यांनी तोंडात पदर कोंबला, कारण अंगणात अजून पाहुणे झोपायची तयारी करत होते. छगन म्हणाले, प्रकाशाला उद्या सत्यनारायण आहे. त्यांच्या पहिल्या पूजेत विघ्न नको. पूजा आटपली की मी फोन करतो. तोपर्यंत कुणाला काही कळवायचं नाही.

सकाळी त्या कुणाला न सांगता निघाल्या. शहाद्याच्या स्टँडवर बस धरली आणि प्रकाशाला उतरल्या. चुनीलाल पाटलांच्या दारात आंब्याचं तोरण होतं, आतून पोथीचा आवाज येत होता. दारातच त्यांना विहीणबाई भेटल्या, भरतची आई रेवाबाई. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मुलीची आई अशी एकटी, न विंचरलेल्या केसांनी आली, म्हणजे काय ते रेवाबाईंना लगेच कळलं. त्यांनी प्रमिलाबाईंच्या दंडाला धरलं.

“काही बोलू नका,” त्या म्हणाल्या. “लग्न झालेल्या बहिणीलाही थोडं सुतक लागतंच. जोडपं पूजेला बसलंय. कथा संपत आली. मग सांगा, मग रडा, मी तुमच्याबरोबर रडेन.”

त्यांनी प्रमिलाबाईंना ओसरीवर सतरंजीच्या कडेला बसवलं, पाणी दिलं, स्वतःच्या हातानं केस सारखे करून डोक्यावरून पदर ओढून दिला. प्रमिलाबाई बसल्या. नवऱ्यानं सांगितलं म्हणून त्या आयुष्यभर गप्प बसल्या होत्या, इथं विहिणीनं सांगितलं म्हणून बसल्या.

आत काजल भरतच्या उजव्या बाजूला बसली होती. उपरण्याला पदर बांधलेला होता. मोबाईल तिनं पहाटेच पाहिला होता. झरीना किनाऱ्याच्या रेषेवर होती आणि वेगापुढे शून्य होतं. माणसांचं काय झालं हे नकाशा सांगत नाही. म्हणून ती पहाटेपासून स्वतःला सांगत होती, जमिनीला लागली म्हणजे उतरले असतील सगळे, चालत गेले असतील.

भटजींनी पान उलटलं तेव्हा तिनं मान वळवली आणि ओसरीवर आई दिसली. आईनं तिच्याकडे पाहिलं नाही. ती समोरच्या समईकडे बघत होती. चेहऱ्यावरून कळू नये म्हणून तिनं चेहरा अगदी सपाट ठेवला होता. तसा चेहरा काजलनं कधी पाहिला नव्हता.

आरतीसाठी सगळे उठले. कुणीतरी घंटा वाजवू लागलं. प्रमिलाबाईही उठल्या आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवू लागल्या. ताल चुकत नव्हता.

काजलनं पदराची गाठ सोडली. भरत तिला खालच्या आवाजात काही म्हणाला, ते तिनं ऐकलं नाही. माणसांमधून वाट काढत ती ओसरीवर आली आणि आईसमोर उभी राहिली.

“माय,” तिनं विचारलं. “दादा?”

प्रमिलाबाईंचे हात थांबले नाहीत.

“आरती व्हवा दे, बेटा,” त्या म्हणाल्या.